धाब्यावर बसवलेली शेती

खानदेशात गच्चीला धाबं म्हणतात. स्लॅब सिमेंटचा असो, वर गुळगुळीत फरशी असो, माणूस वर गेला की तो धाब्यावर गेला. त्यामुळे मागच्या आखाजीला शेजारच्या वहिनींनी माझ्या बायकोला "आमचे हे आता शेती धाब्यावर बसवताहेत" असं सांगितलं, तेव्हा ती घाबरून घरी आली. "अहो, जिभाऊंनी शेत घेतलं कधी आणि विकायला काढलं कधी?"

घेतलंच नव्हतं. जिभाऊ 34 वर्षं तलाठी होते. किती गावांचे सातबारे त्यांच्या त्या टपोऱ्या, उजवीकडे कललेल्या अक्षरात आहेत याचा हिशेब नाही, आणि स्वतःच्या नावावर कुंडीभर जमीन नाही. वडिलांची सहा बिघे कोरडवाहू होती, ती बहिणींच्या लग्नांत गेली. मग उभा जन्म दुसऱ्यांच्या कपाशीची नोंद करण्यात गेला. तीही, खरं सांगायचं तर, चावडीत निंबाखाली बसून. "पीक पाहणीला शेतात जायची गरज काय? वारा आला की वासावरून कळतं," असं ते म्हणत. अशा माणसाला निवृत्तीनंतर आयुष्यात पहिल्यांदा पीक प्रत्यक्ष पाहावंसं वाटलं.

आखाजीचा मुहूर्त त्यांनी काढला तो रीतीला धरूनच. आमच्याकडे शेतीचं वर्ष आखाजीला सुरू होतं, सालदाराचं साल त्या दिवशी संपतं आणि नवं ठरतं. त्या दिवशी दुपारी सांजोऱ्या आणि आमरस अंगावर आलेला असताना जिभाऊ सुपारी घेऊन माझ्याकडे आले. "मास्तर, तुमचं शाळेचं तर सुट्टीचंच चाललंय. यंदाचं साल आमच्याकडे." मी हसलो. आमरसानंतर माणसानं कशालाही हसू नये, त्याचा होकार धरला जातो. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला दोन बादल्या पाणी धाब्यावर चढवणं माझ्या वाट्याला आलं, मोबदला हंगामाच्या शेवटी, मालात.

जिभाऊंनी शेतीला हात घातला म्हणजे आधी कागदाला घातला. दोनशे पानी रजिस्टर आणून त्यांनी धाब्याचा सातबारा लिहिला. फीत धरायला मी होतो. वीस फूट बाय तीस फूट, म्हणजे 600 चौरस फूट. गुंठा 1,089 चौरस फुटांचा, तेव्हा हे झालं अर्ध्या गुंठ्याच्या जरा वर. रजिस्टरमध्ये क्षेत्र पडलं 0 हेक्टर, 00 आर, 56 चौरस मीटर. त्यातून पाण्याची टाकी, जिन्याचं डोकं आणि सोलर असं 14 चौरस मीटर पोटखराबा म्हणून वजा. लागवडीलायक 42. कब्जेदार सदरी जिभाऊंचं पूर्ण नाव, वडिलांसकट. आणि 'इतर हक्क' या रकान्यात, बराच वेळ पेन चावून, त्यांनी लिहिलं: 'सौ. यांचा पापड, कुरडया व वाळवण यांचा वहिवाटीचा हक्क, उन्हाळी हंगामापुरता.'

वहिनींना हे मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हंगामापुरता कशाला? धाबं माझ्या गोटाच्या पैशांतून झालंय." ही हरकत तोंडी असल्यामुळे दप्तरी घेतली गेली नाही.

जिभाऊंच्या स्वभावाची दोन पात्रं आहेत. रुबाबात असले की ते महसुली बोलतात, चिडले की अहिराणी. त्या महिन्यात मी अहिराणीच जास्त ऐकली, कारण पहिला प्रश्न मातीचा निघाला. त्यांनी थेट अर्धा ब्रास गाळ मागवला. ट्रॅक्टर दारात आला. शेजारच्या बांधकामावरचा मिस्तरी बिडी विझवून बघायला आला आणि म्हणाला, "जिभाऊ, हाई वर चढाडशात तर तुम्ही खाले येशात." त्याचं बरोबर होतं. माणसांच्या येण्याजाण्याच्या गच्चीवर इंजिनिअर चौरस मीटरला साधारण दीडशे किलोंचा भार धरतात. ओल्या मातीचा नुसता फूटभर थर पाचशेच्या घरात जातो. अर्धा ब्रास म्हणजे अडीच टनांच्या आसपास. जिभाऊंनी मान्य केलं नाही. "तुमले काय समजस त्यामा? आपल्या आज्यापंज्यांच्या धाब्यांवर मातीच होती ना?"

होती, पण मला त्या मातीची वेगळीच आठवण आहे. आमचं जुनं घर खऱ्या धाब्याचं होतं. लाकडी सर, त्यावर फळ्या, त्यावर निंबाचा पाला आणि माती, आणि सगळ्यात वर खारी माती, जी पाणी खाली झिरपू देत नाही. पावसाळ्याआधी दरवर्षी नवी खारी टाकायची. एवढं करून श्रावणात वर हिरवंगार व्हायचंच. आघाडा, तरोटा, काय वाटेल ते उगवायचं. मग आजी मला वर चढवायची आणि खालून ओरडायची, "मुयासकट उपट, नाहीतर गळेल!" माझं अख्खं बालपण धाब्यावरची झाडं उपटण्यात गेलं. मुळं खाली गेली की त्या वाटेनं पाणी चुलीवर येतं, हे आजीला ठाऊक होतं. आणि आता म्हातारपणाच्या उंबऱ्यावर मी धाब्यावर झाडं उगवावीत म्हणून बादल्या वाहतोय. आजी बघत असती तर तिनं वरून काहीतरी फेकून मारलं असतं.

गाळ शेवटी परसात पडला आणि जिभाऊ पुस्तकांकडे वळले. कोल्हापूरकडचे श्री. अ. दाभोलकर, मूळचे गणिताचे प्राध्यापक, 'प्रयोग परिवार' उभा करणारे. साध्या शेतकऱ्यांकडून त्यांनी द्राक्षाचे प्रयोग करवून घेतले आणि पालापाचोळ्यावर, थोडक्या मातीवर घरच्या घरी अन्न पिकवता येतं हे दाखवलं. त्यांची विचाराची रीत हिशेबी होती: झाड किती सूर्य धरतं ते त्याच्या पानांच्या पसाऱ्यावरून मोजा. हे वाचल्यावर तलाठ्याच्या अंगात जे संचारलं ते मी विसरणार नाही. पानाचं क्षेत्रफळ! म्हणजे पानाचाही सातबारा होऊ शकतो! त्यांनी पालकाचं एक पान चौकटीच्या कागदावर ठेवून पेन्सिलनं आखलं, चौकटी मोजल्या आणि आर-चौरस मीटरमध्ये बसवू लागले. तेवढ्यात वहिनींनी ते पान डाळीत टाकलं.

पण दाभोलकरांनी एक काम केलं, माती हलकी झाली. रसवंतीवर उसाच्या चिपाडांचा ढीग पडलेला असतो, तो जिभाऊ पोत्यांनी आणू लागले. केळीवाल्या भाच्याकडून केळीच्या खोडाचे तुकडे आले. आमच्या जिल्ह्यात त्याला काय तोटा? केळीचं खोड जवळजवळ सगळं पाणीच असतं, डब्याच्या तळाशी घातलं की दोन दिवस ओल टिकते. रंगाचे वीस लिटरचे डबे, तेलाचे डबे, उभा कापलेला ड्रम, सगळ्यांना खाली भोकं. खाली खोड, मग चिपाड आणि सुका पाला, मधे शेणखत, वर चार बोटं माती. हे मी इतक्या बारकाईनं सांगू शकतो याचं कारण, ते सगळं मीच भरलं. जिभाऊ जिन्याच्या सावलीत बसून डब्यांना गट नंबर देत होते. गट नंबर 1 ते 31. पोटहिस्से 7/अ आणि 7/ब, कारण सातव्या डब्यात मिरची आणि कोथिंबीर एकत्र होती.

मग जीवामृत. अमरावतीकडचे सुभाष पाळेकर, 2016 चे पद्मश्री, त्यांची कृती आता खानदेशात पोराटोराला पाठ आहे. एकराला दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. कुणीही शहाणा माणूस अंदाजानं एक बादली करेल. जिभाऊंनी त्रैराशिक मांडलं. एकराला चाळीस गुंठे, आपलं क्षेत्र 0.55 गुंठा, तेव्हा शेण 137 ग्रॅम, गोमूत्र 137 मिलिलिटर, बेसन 27 ग्रॅम. बेसनासाठी ते वहिनींच्या डब्याशी चमचा घेऊन उभे राहिले. 27 ग्रॅम मोजायला घरात काटा नव्हता म्हणून सराफाकडे गेले. सराफानं सोन्याच्या काट्यावर बेसन तोललं आणि सवयीनं विचारलं, "घडणावळ धरू का?"

137 ग्रॅम शेण मागायला गोठ्यावर गेले तेव्हा गवळी जरा वेळ त्यांच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "जिभाऊ, गाय काय मोजीसन टाकस का?" आणि त्यानं घमेलंभर दिलं. शेण जादा झालं तेव्हा गूळ जादा, बेसन जादा, पाणी जादा, असं करत शेवटी दोनशे लिटरचा ड्रम भरलाच. एकराचं जीवामृत अर्ध्या गुंठ्यावर. तिसऱ्या दिवशी त्याला असा काही वास सुटला की समोरच्या आळीतल्या घरातलं बघण्याच्या कार्यक्रमाचं मंडळ चहा न पिता उठलं. स्थळ जमलं नाही. पुढे मुलगा वाईट निघाला असं कळलं, तेव्हापासून जिभाऊ ते श्रेय जीवामृताला देतात.

दशपर्णी अर्काची गोष्ट त्याहून वाईट. दहा झाडांचा पाला लागतो: कडुनिंब, करंज, सीताफळ, पपई, रुई, निर्गुंडी, गुळवेल, कण्हेर, घाणेरी आणि एरंड. नऊ गोळा झाले. एरंड मिळेना. जिभाऊंचा महसुली दप्तरावर अढळ विश्वास. गावाचं नाव उगाच पडत नाही, म्हणून ते एसटी धरून एरंडोलला गेले. दिवसभर हिंडून दुपारी भजी खाऊन परत आले. एरंड आमच्याच घरामागे, मोरीच्या पाण्यावर, डोक्याएवढा वाढला होता. वहिनी रोज त्याच्यावर पायपुसणी वाळत घालायच्या.

एवढी तयारी झाली आणि मे महिना आला. आखाजीला मुहूर्त करणं शास्त्राला धरून असेल, पण आमच्याकडचा मे शास्त्र वाचत नाही. पारा चव्वेचाळीसच्या पुढे. धाब्यावर दुपारी पाऊल ठेवलं तर चप्पल चिकटते. डब्याची पत्र्याची बाजू उन्हात तापली की आत मुळं शिजतात. मेथी अक्षरशः उगवली, वर बघितलं आणि परत गेली. नळ काही रोज येत नाही. जिन्यानं बादली वर न्यायची, अर्धी अंगावर सांडायची, अर्धी गट नंबर 14 ला. धाब्यावरून पारोळ्याच्या किल्ल्याचा तट दिसतो. 1727 साली बांधलेला भुईकोट, झाशीच्या राणीच्या सासरच्या नेवाळकरांची इथे जहागीर. आम्हा पारोळेकरांना याचा भारी अभिमान. जिभाऊ बादलीत उरलेल्या पाण्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, तो खंदक आणि हे धाबं सारखंच. दोन्हीत पाणी अपेक्षित आहे."

हिरवं शेडनेट लागलं, डब्यांना चुना लागला, ऊन थोडं हटलं. पण उन्हाळी हंगाम गेला. जिभाऊंनी स्वतः पंचनामा केला. पंच म्हणून मी आणि दूधवाला. मग पैसेवारी. नोकरीत असताना शेतकरी त्यांना हात जोडायचे, "भाऊसाहेब, पन्नासच्या आत लावा हो." पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली तरच तेव्हा दुष्काळ धरत, सवलती मिळत. जिभाऊंचा अंदाज कधी बावन्नच्या खाली आला नव्हता. स्वतःच्या धाब्याची त्यांनी लावली चार पैसे. आणि रजिस्टर घेऊन स्वयंपाकघरात गेले, मदत मागायला. डबे, शेडनेट, बियाणं, गूळ, सगळं मिळून 11,340 रुपये झाले होते आणि पेन्शनच्या पासबुकाचा ताबा वहिनींकडे.

वहिनी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "पीक पाहणीला शेतात गेले होते का? का निंबाखाली बसून लिहिलंय?"

पावसाळा लागला आणि सगळं बदललं. ज्या गोष्टीसाठी आजी मला हाका मारायची ती आपोआप घडू लागली. गिलक्याचा वेल सोलरच्या पाइपावर चढला आणि वहिनींच्या मते पाणी त्यामुळे थंड येऊ लागलं. पोकळा माजला. मिरचीवर मावा आला, त्याच्यावर निंबोळीचं पाणी फवारलं, तो गेला. काय सांगू, मलाही सवय लागली होती. रविवारी उशिरा जाग आली तर बादल्यांशिवाय हात रिकामे वाटायचे. एक दिवस वानरांची टोळी आली आणि कवळी गिलकी तोडून, एकेक घास घेऊन, बाकीची आमच्या अंगणात फेकून गेली. जिभाऊंनी पंचनाम्यात लिहिलं: 'नुकसानीचे कारण: वन्यप्राणी. नुकसान: अंशतः. उरलेले पीक मास्तरांच्या अंगणात आढळले, सबब चौकशी व्हावी.'

ई-पीक पाहणीचंही झालं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर पिकाचा फोटो काढून नोंदवायचा अशी व्यवस्था आली. जिभाऊंचं तिच्याबद्दलचं मत छापण्यासारखं नाही. तरी गुपचूप नातवाच्या फोनवरून त्यांनी भरून पाहिलं. ते गट नंबर मागतं, आणि धाब्याचा गट नंबर जिभाऊंच्या रजिस्टरखेरीज कुठेच नाही.

हिवाळ्यात वांगी आली. भरिताची, हिरवी, लांबट, तीच आपली. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन 2016 मध्ये मिळालं, पण आमच्या धाब्यावरच्या वांग्यांची बातच वेगळी, असं जिभाऊ येईल त्याला धरून सांगत. गट नंबर 19 मध्ये दोन, 22 मध्ये एक, 26 मध्ये एक. चार. त्यावर त्यांनी भरीत-पार्टीचं आमंत्रण अकरा माणसांना दिलं आणि त्याआधी, नियमाप्रमाणे, पीक कापणी प्रयोग ठेवला.

हा प्रयोग खरा असतो. गावात पिकाचं सरासरी उत्पन्न काढायचं तर चांगलं शेत निवडून चालत नाही, शेत लहरीवर निघालं पाहिजे, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, कापायचा, तोलायचा. जिभाऊंनी खिशातून दहाची नोट काढली, तिच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे बघितले. 08. गट नंबर 8 मध्ये मेलेली कोथिंबीर होती. मी म्हटलं, "जिभाऊ, दुसरी नोट काढू." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की चौतीस वर्षांत मी पहिला माणूस असेन त्यांना लाच देऊ केलेला. डबा आठ तोलला गेला. उत्पन्न शून्य. हेक्टरी शून्य. आणि वर वांगी तशीच टवटवीत लोंबत.

पार्टीच्या सकाळी मी बाजारात गेलो. वांग्यांच्या ढिगामागे मफलर गुंडाळलेला एक गृहस्थ पाच किलो तोलून घेत होता. मफलर ओळखीचा होता. मी पाठ फिरवली. संध्याकाळी परसात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, बडगीत ठेचली, वरून तेल, शेंगदाणे, कांद्याची पात, जोडीला कळण्याची भाकरी. सगळे म्हणाले, "धाब्यावरच्या वांग्याची चवच न्यारी!" जिभाऊ काहीच बोलले नाहीत. खोटी नोंद त्यांनी केली नाही, एवढंच. रात्री मी रजिस्टर चाळलं. खरिपाच्या शेऱ्यात लिहिलं होतं: 'वांगी, 4 नग. उर्वरित, बाहेरून.'

आणि बघता बघता पुन्हा आखाजी आली.

सालभराचा मोबदला मला मिळाला: मेथीच्या तीन जुड्या, गिलकी दीड किलो (वानरांनी चाखलेली धरून) आणि एक वांगं. यंदा नाही म्हणायचं ठरवून मी आमरस अर्धाच घेतला होता. जिभाऊ आले, पण सुपारीबरोबर स्टॅम्पपेपर होता. चेहरा उतरलेला. बरेच दिवस झोप नव्हती म्हणे. कारण काय तर कुळकायदा. 1 एप्रिल 1957, कृषक दिन. कसेल त्याची जमीन. त्या दिवसानं किती सावकारांच्या जमिनी कुळांकडे गेल्या ते त्यांनी जुन्या फेरफारांत शेकडो वेळा वाचलं होतं. आणि इथे वर्षभर पाणी कोण घालतंय? मास्तर. माती कुणी भरली? मास्तर. 'जमीन करणाराचे नाव' या रकान्यात उद्या कुणी बोट ठेवलं तर?

"फक्त एवढं लिहून द्या," ते म्हणाले, "की तुम्ही सालदार आहात, कूळ नाही."

मी पेन उघडलं. सही करणार तोच दारातून वहिनी बोलल्या. "मास्तर सकाळचं पाणी घालतात. दुपारचं आणि रात्रीचं कोण घालतं वर्षभर? डबे चुन्यानं कुणी रंगवले? आणि तुम्ही एरंडोलला गेला होतात त्या दिवशी?"

कुणी काही बोललं नाही. जिभाऊंनी स्टॅम्पपेपर हळूच दुमडला. नोकरीत असताना, लक्ष्मीमुक्तीच्या काळात, नवऱ्याबरोबर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याचे किती तरी फेरफार त्यांनी घेतले होते. चावडीत भाषणं केली होती. स्वतःच्या रजिस्टरला मात्र सवड झाली नव्हती.

पण माणूस नियमाचा. त्याच संध्याकाळी फेरफार लिहिला गेला, आणि जिन्याच्या दाराला रीतसर नोटीस डकवली गेली: 'गट नंबर 1 ते 31, एकूण क्षेत्र 0.00.56, यावर कब्जेदार सदरी सौ. यांचे नाव दाखल करणेचे योजिले आहे. कोणाची हरकत असल्यास 15 दिवसांचे आत लेखी कळवावे.' पंधरा दिवस मी बादल्या घेऊन त्या नोटिशीवरून जात होतो. हरकत कुणाचीच आली नाही. वानरंसुद्धा फिरकली नाहीत.

सोळाव्या दिवशी सकाळी सहाला वर गेलो तर पाऊल ठेवायला जागा नव्हती. डबे सगळे टाकीच्या मागे, पोटखराब्यात सरकवलेले. बाकी साऱ्या क्षेत्रावर जुनी लुगडी पसरलेली आणि त्यावर ओळीनं, पांढऱ्याशुभ्र, ओल्या कुरडया. जिभाऊ जिन्याच्या वरच्या पायरीवर रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते. मला त्यांनी बोटानंच थांबवलं.

"बादली खाली न्या," ते हळू आवाजात म्हणाले आणि लिहीत राहिले. मी वाकून बघितलं. उन्हाळी हंगाम. पिकाचे नाव: कुरडई. जलसिंचनाचे साधन: निरंक.